मुदतीच्या आत

अमेरिकेहून परत आल्यावर माणसं विचारतात ते ठरलेलं असतं. बर्फ पाहिला का, थंडी किती होती, तिथं नळाचं पाणी तसंच पितात म्हणे, खरं का. शहागंजच्या आमच्या गल्लीत तर मला दळण घेऊन येणं मुश्कील झालं होतं. गिरणीवाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांना अमेरिका ऐकायची होती. मी तोंडानं सांगत राहिले, पण लिहिलं काही नाही. ह्यांच्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय आमच्या घरातला कागद बाहेर जात नसे, आणि हे लिखाण ह्यांनी वाचायचं नव्हतं. यंदा माघात हे गेले. आता लिहिते. ज्यांची लेकरं तिकडं आहेत त्यांनी तरी वाचावं. मी काही लेखिका नव्हे, पण उभा जन्म शाळेत पोरांना शुद्धलेखन घातलंय, तेव्हा सरळ ओळ लिहिता येते.

आम्ही गेलो होतो मंजूकडं. मंजू ही आमची एकुलती लेक. लग्न होऊन तिकडं गेली, तिथंच नोकरी, तिथंच घर. तिच्या बाळंतपणाला आम्ही दोघं एकदा जाऊन आलो होतो, तेव्हाच आम्हाला दहा वर्षांचा व्हिसा मिळाला होता. त्यानंतर जाणं झालं नाही. ह्यांचं गुडघ्याचं दुखणं, माझी शाळा, आणि मंजूच दर दोन वर्षांनी यायची. मग एका दिवाळीत तिचा फोन आला. पोटात गाठ निघाली होती, ऑपरेशन झालं होतं, औषधं चालू होती. सगळं उरकल्यावर सांगत होती. शेवटी म्हणाली, "आई, येऊन जातेस का?"

ह्या लेकीनं जन्मात मला ये म्हणून बोलावलं नव्हतं. ताप आला तरी पांघरूण घेऊन गुपचूप पडणारी पोर ती. मी तेव्हाच मनाशी ठरवलं, आता तिच्या उशाशी बसायचं ते ती उठून चालायला लागेपर्यंत, आणि उठणार नसेल तर जे व्हायचं ते होईपर्यंत. मला ह्यापलीकडं काही नको होतं.

निघताना

संक्रांत झाली आणि निघालो. ह्यांनी पासपोर्ट काढले, व्हिसाचं पान उघडलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मार्चअखेर संपतोय."

"मग?"

"मग काय? मार्चअखेरीच्या आत परत."

आता ह्यांच्याविषयी थोडं सांगायला पाहिजे. हे तहसील कचेरीत अव्वल कारकून होते, बरीच वर्षं पैठणला. सरकारी माणसाला मार्चअखेर म्हणजे काय, ते घरच्यांना सांगावं लागत नाही. पण ह्यांचं मुदतीचं वेड कचेरीतून आलेलं नव्हतं, त्याच्याही आधीचं होतं. ह्यांचं लहानपणही पैठणचंच. पोलीस ॲक्शनच्या आधी, रझाकारांच्या धामधुमीत, सासऱ्यांनी घरच्यांना गोदावरीपलीकडं नेऊन ठेवलं होतं. नदीच्या अलीकडं निजामाचं राज्य, पलीकडं शेवगावाकडचा मुलूख. एकदा सासरे ह्यांना बरोबर घेऊन घर बघायला परत आले, तर घाटावरच्या नाक्यात त्यांच्याजवळची परवान्याची चिठ्ठी मुदतीबाहेरची निघाली. शिपायानं त्यांना पागोटं काढायला लावून भर उन्हात उभं केलं. हे होडीत बसून बघत होते. पुढं पोलीस ॲक्शन झाली, नाका गेला, निजामही गेला. ह्यांच्या डोक्यातून मात्र तो घाट काही गेला नाही. विजेचं बिल असो की लायब्ररीचं पुस्तक, आमच्या घरात मुदतीच्या एक दिवस आधी सगळं परत.

सामान मी भरलं. येसर केलं, म्हणजे आमच्याकडचा आमटीचा भाजका मसाला, शेवया, कुरडया, मेतकूट. पैठणला जाऊन मंजूसाठी एक हिरवी साडी आणली, बारीक काठाची. काठातली जर काही खरी नव्हती. विणणारे आमच्या ओळखीचे, मंजूला त्यांनी रांगताना पाहिलेलं. घडी घालता घालता म्हणाले, "बाई, लेकीला म्हणावं औंदाच्या नाथषष्ठीला ये. आमी लई दिस बघितली नाय तिला." मी हो म्हणाले.

दारावर

विमानातलं काही सांगत नाही. पाय सुजतात आणि जेवण सपक असतं, एवढं पुरे.

उतरल्यावर काचेच्या खोक्यात एक गोरा अधिकारी बसला होता, आमच्या मंजूपेक्षा लहान. ह्यांनी त्याच्यापुढं कागद असे मांडले की जणू जमाबंदीची तपासणी आहे. त्यानं विचारलं, कशाला आलात. हे कचेरीतल्या इंग्रजीत म्हणाले, मुलगी आजारी आहे. त्यानं माझ्याकडं बघितलं. मग काही न विचारता शिक्का मारला, पासपोर्टला पांढरं कार्ड टाचलं आणि त्याच्यावर पेनानं तारीख लिहिली. जुलैमधली.

इथं मला वाचणाऱ्याला थांबवून सांगायचंय. व्हिसावर जी तारीख असते, ती दारात यायची असते. त्या तारखेपर्यंत कधीही दारात या, आत घ्यायचं की नाही ते दारावरचा माणूस ठरवतो. एकदा आत घेतलं की किती राहायचं ते तोच लिहून देतो, आणि मग व्हिसाची तारीख आत असताना उलटून गेली तरी तुम्हाला कुणी उठवत नाही. म्हणजे आम्हाला जुलैपर्यंत राहता येत होतं. मार्चअखेरीचा आमच्या राहण्याशी काहीएक संबंध नव्हता. संबंध एवढाच, की बाहेर पडलो असतो तर मार्चनंतर पुन्हा आत येता आलं नसतं. हे मला आज कळतंय. तेव्हा मी ह्यांच्या मागं पिशव्या सांभाळत उभी होते.

ह्यांनी ती तारीख वाचली नाही असं नव्हे. ह्यांनी न वाचलेला कागद मला दाखवा. चालता चालताच म्हणाले, "कार्डावर जुलै आहे, व्हिसावर मार्च. दोन मुदती असल्या की अलीकडची धरायची." सगळी नोकरी त्यांनी ह्याच हिशेबानं केली होती, आणि कुणाला कधी बोट ठेवू दिलं नव्हतं. मागच्या खेपेला कार्डाची तारीख अलीकडची होती, ती धरली होती, ते बरोबरही निघालं होतं. मग मी कशाला शंका घेऊ?

पुढं सामान तपासणारी बाई होती आणि तिचा कुत्रा माझ्या पिशवीपाशी येऊन शहाण्यासारखा बसला. बाईनं कढीपत्ता काढून घेतला. येसराचा डबा उघडून नाक आत घातलं आणि अशा शिंका द्यायला लागली की शेजारचा शिपाई हसला. डबा मात्र परत दिला. बाहेर जावई, शिरीषराव, एकटेच उभे होते. मंजू आली नव्हती.

मंजूच्या गावात

तिचं गाव मिशिगनमध्ये एका तळ्याकाठी. तळं म्हणजे आपल्या नाथसागराएवढं थोरलं, पण सगळं गोठलेलं. मी पहिल्यांदा खिडकीतून पाहिलं तर पाण्यावर माणसं खुर्च्या टाकून बसलेली. बर्फाला भोक पाडून, त्यात गळ सोडून दिवसभर मासे धरत बसतात. नाथसागरावर हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात, लोक बघायला जातात. इथं पक्षी नाही की लाटेचा आवाज नाही. हे रोज दुपारी खिडकीशी बसून बघायचे आणि म्हणायचे, "कुणी पडलं तर?" कुणी पडलं नाही.

मंजूला बघितलं तेव्हा मी तोंडावर हसू आणलं. बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. डोक्याला रुमाल. मला म्हणाली, "आई, तूच किती वाळलीस." एवढी लबाड पोर.

ती म्हणायची औषधं लागू पडलीत. डॉक्टर खूश आहेत म्हणायची. हे लगेच विश्वास ठेवायचे. रोज सकाळी चहा घेऊन तिच्या खोलीत जायचे आणि विचारायचे, "आज कसं काय, बाईसाहेब?" ती उशीला टेकून बसायची आणि म्हणायची, "आज लई भारी वाटतंय नाना." ते तसं म्हणताना तिचा हात चादरीत मुठीसारखा आवळलेला असायचा, तो मला दाराशी उभं राहून दिसायचा. ह्यांना दिसायचा नाही, कारण हे तिच्या तोंडाकडं बघत असायचे.

येसराची आमटी मी पहिल्याच दिवशी केली. तिनं दोन घोट घेतले आणि डोळे मिटले. नात सई दहा वर्षांची, तिनं मात्र वाटीभर प्यायली आणि खोकत खोकत आणखी मागितली. मंजू तिच्याकडं बघत बसली होती. मला म्हणाली, "आई, हिला करायला शिकव ना. सगळं लिहून नको देऊ, हातानं शिकव." म्हणून मग मी सईला पाटावर उभं करून धणे भाजायला लावले. इंग्रजी बोलणारी ती पोर, "आजी, इज इट लाल नाऊ?" असं विचारायची.

तिथल्या शेजाऱ्यांचं सांगते. आपल्याकडं घरात दुखणं आलं की माणसं येऊन बसतात. चार जणी उशाशी, दोघी पायाशी, एखादी रडून घेते, चहा होतो, दुखणाईत बिचारं सगळ्यांना तोंड देत बसतं. तिथं कुणी येत नाही. मला आधी लई राग आला. म्हणलं, ही काय माणसं म्हणावीत? मग एका सकाळी दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर एक खोकं. त्यात सूप, पाव, सफरचंदं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचं. त्यांनी आपसांत वार वाटून घेतले होते. घंटी वाजवायची नाही, डबा ठेवायचा आणि जायचं, म्हणजे दुखणाइताला उठायला नको. समोरची म्हातारी डोरोथी रोज पहाटे आमच्या दारातला बर्फ फावड्यानं ओढून काढायची आणि निघून जायची. एकदा मी तिला खिडकीतून हात जोडले. तिनंही फावडं काखेत धरून हात जोडले, अगदी वेडेवाकडे. मी तिला शेवयांची खीर दिली. तिनं वाटी धुऊन परत दिली. मला जरा लागलंच, आपल्याकडं रिकामी वाटी कुणी परत करत नाही. दुसऱ्या दिवशी तिनं केक आणून दिला तेव्हा माझं मलाच हसू आलं.

ह्यांनी औरंगाबादहून आपलं कॅलेंडर नेलं होतं आणि मंजूच्या स्वयंपाकघरात टांगलं होतं. महाशिवरात्र तिथंच झाली, साबुदाणा मिळाला. होळीला नुसती पुरणपोळी, होळी पेटवायला अंगणात तीन हात बर्फ. मंजूनं पोळीचा कडेचा तुकडा तूप लावून खाल्ला. माझा जीव जरा भांड्यात पडला. मला वाटलं, खाल्लंय म्हणजे उतार पडतोय.

मार्च

तळ्यावरची माणसं खुर्च्या आवरून गेली. बर्फ तडकताना दुपारी आवाज यायचा. कॅलेंडरचं पान उलटलं तसे हे अस्वस्थ व्हायला लागले.

मी एका रात्री ह्यांना म्हणलं, "मला नाही निघवणार. तुम्ही जा, मी राहते."

"राहते म्हणजे? मुदत संपल्यावर? शिरीषरावांची नोकरी आहे इथं, पोरीचं नाव आहे. पोलीस आले म्हणजे?" मला चिडायचं होतं, पण डोळ्यापुढं तो घाट आला, पागोटं हातात घेऊन उभे असलेले सासरे आले. मग म्हणलं, निदान लेकीला विचारा. ती इथं राहते, तिला जास्त कळतं. मुदत वाढवून मिळत असेल.

सकाळी चहाचा कप ठेवून ह्यांनी तिला विचारलं. पासपोर्ट बरोबर नेले होते. दोन्ही तारखा बोट ठेवून दाखवल्या. "मी म्हणतो मार्चची धरायची. बरोबर ना? का वाढवून मिळते?"

मी दाराशी होते. मंजूनं पासपोर्ट हातात घेतला. किती तरी वेळ बघितलं. शिरीषराव कपाटाशी उभे होते, ते काही बोलायला गेले. तिनं त्यांच्याकडं नुसतं बघितलं. ते बाहेर निघून गेले.

"बरोबर आहे नाना," ती म्हणाली. "मार्चचीच. आता लई कडक झालंय इथं, वाढवून नाही देत."

"बघ," हे मला म्हणाले. पण त्यात जिंकल्याचा सूर नव्हता. त्यांनाही दुसरं काही ऐकायचं होतं, ते मला तेव्हा स्पष्ट दिसलं.

निघायच्या आदल्या दिवशी मंजू म्हणाली, "आई, ती हिरवी साडी काढ. माझी ओटी भर."

आपल्याकडं लेक माहेराहून निघाली की आई ओटी भरते. इथं आई निघालेली आणि लेक घरात. मी तसं म्हणलंही. ती म्हणाली, "मी निघाले असं समज." नारळ नव्हता, दुकानातला सोललेला मिळाला, शेंडी नाही की काही नाही. तांदूळ घेतले, हळकुंड, सुपारी मी नेलीच होती. तिला पलंगावर टेकून बसवलं. साडी मांडीवर ठेवली, कुंकू लावलं. तिनं पदर पसरला, म्हणजे स्वेटरचाच काठ धरला. तिचे हात असे हलके झाले होते की तांदूळ पडले तसे खाली गेले. मग म्हणाली, "ही साडी मी नेसत नाही आत्ता. तशीच घडीत ठेवते."

सवाष्ण गेली की तिला माहेरची साडी नेसवतात, ओटी भरतात. हिरवी. मी काय दूधखुळी आहे? मला कळलं. तिलाही दिसलं की मला कळलंय. दोघींनी एकमेकींकडं बघितलं आणि मी तिच्या रुमालावरून हात फिरवला आणि तांदूळ वेचायला खाली बसले. कळूनही मी दुसऱ्या दिवशी विमानात बसले. का, तर सरकारचा हुकूम आहे, इथं कुणाचं काही चालत नाही, असं मला वाटत होतं. नाहीतर दहा माणसांनी ओढलं असतं तरी मी त्या पलंगाची पाटी सोडली नसती.

विमानतळावर शिरीषराव माझ्या पाया पडले आणि वाकलेलेच राहिले. म्हणाले, "आई, मला माफ करा." मला वाटलं, लेकीला नीट सांभाळता आलं नाही म्हणून म्हणताहेत. मी त्यांना उठवलं आणि धीर दिला. काउंटरवरच्या बाईनं आमची पांढरी कार्डं काढून घेतली. हे घड्याळात बघून म्हणाले, "मुदतीच्या आत निघालो."

घरी

चैत्र संपत आला होता तेव्हा फुलंब्रीला एका लग्नाला गेलो. पंगतीत माझ्या शेजारी एक बागायतदारीण बसली होती. तिची दोन्ही मुलं तिकडं कंप्युटरमध्ये, आणि ती नुकतीच जाऊन आलेली. बोलणं अमेरिकेवर आलं. मी म्हणलं, आमचा व्हिसा संपत होता, म्हणून लवकर यावं लागलं.

"आवो बाई," ती म्हणाली, "आमचा व्हिजा तं आमी तिथं असतानाच सपला. काय होत नाय त्याला. कार्डावर काय लिव्हलंय ते बघायचं. पोरांनी सांगितलं नाय का तुमच्या?"

माझा घास तोंडातच राहिला. पोरांनी सांगितलं नाही का. मला तो पासपोर्ट धरलेला हात दिसला, आणि कपाटापाशी काही बोलायला गेलेले शिरीषराव दिसले. मठ्ठा वाढणारा पुढं आला तर त्याला नको म्हणायचंही मला सुधरेना.

घरी आलो. हे संध्याकाळी मारुतीला गेले. मी फोन लावला. तिथं सकाळ होती. मंजूनंच उचलला, आवाज अगदी बारीक.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"काय, आई?"

"कार्डावरची तारीख."

मागं सई शाळेचं काही तरी शोधत होती, तिचा आवाज येत होता. मग मंजू म्हणाली, "हो."

मी तिला बोलले. आजवर तिला बोलले नव्हते इतकं बोलले. म्हणलं, हा निवाडा तू एकटीनं करायचा नव्हतास. तू माझ्या पोटची आहेस, तुझं दुखणं माझ्या हक्काचं होतं. नऊ महिने मी वाहिलीय तुला, आता शेवटी मला दाराबाहेर घालवतेस? तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आई," ती म्हणाली, "नाना रोज सकाळी विचारायचे, कसं वाटतंय. मी भारी म्हणलं की त्यांचं तोंड बघितलंस ना? मला आणखी किती दिवस भारी म्हणता आलं असतं? डॉक्टरनी मला तू यायच्या आधीच सांगितलं होतं. मला तुम्ही पाहिजे होतात, म्हणून बोलावलं. पण त्याच्या पुढचं तुम्ही बघितलेलं मला नको होतं. तुम्ही बघत असता तर मला जाता आलं नसतं."

"मला एकटीला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर उठली असतीस?"

नसते उठले. ती ओळखून होती.

"माझ्यावर रागव," ती म्हणाली, "पाहिजे तितकी रागव. पण नानांना सांगू नको. त्यांना वाटेल, त्यांनी मार्च धरला म्हणून झालं. त्यांचा काय दोष? मी हो म्हणलं म्हणून ते निघाले."

मी म्हणलं, मी येते. कशी येणार होते? व्हिसा संपलेला, दार लागलेलं. आत असते तर जुलैपर्यंत मला कुणी हात लावला नसता, आणि बाहेर आले तर आता एक पाऊल टाकता येत नव्हतं. नवा अर्ज भरला. ह्यांनीच भरला, मोत्यासारख्या अक्षरात. मुंबईच्या मुलाखतीची तारीख लागली. ती यायच्या आत जूनमध्ये शिरीषरावांचा फोन आला. कार्डावरची जुलैची तारीख तेव्हा अजून यायची होती.

शिरीषराव म्हणाले, साडी नेसवली. डोरोथीनं निऱ्या धरल्या, तिला येत नव्हत्या, पण धरल्या. सईनं तांदूळ घातले.

आम्हाला सूतक तीनच दिवसांचं, लग्न झालेली लेक ना. पण माणसं महिनाभर येत होती. शहागंजची, कचेरीतली जुनी, पैठणचे साडीवाले सुद्धा एसटीनं आले आणि कोपऱ्यात बसून गेले. हे बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसायचे आणि येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगायचे. कसं बोलावलं, कसे गेलो, कशी रोज भारी म्हणायची. मग म्हणायचे, "शेवटची भेट नाही झाली. मार्चअखेर मुदत होती. आणखी तीन महिने दिले असते सरकारनं, तर उशाशी असतो. पण नियम म्हणजे नियम." आणि दर वेळी मान वळवून आतल्या दाराकडं बघायचे, मी तिथं उभी असायची.

"काय हो? मुदतच नव्हती ना?"

सांगावंसं वाटायचं. अगदी ओठाशी यायचं. तिनं तिचं दुखणं माझ्यापासून लपवलं, मी तिचं लपवणं ह्यांच्यापासून लपवायचं, आणि ह्यांनी सरकारला दोष देत झोपायचं, असं त्या पोरीनं सगळं लावून दिलं होतं. मला तिचा राग यायचा, अजून येतो. पण ह्यांचे ते डोळे. होडीत बसलेल्या पोराचे असावेत तसे.

"नव्हती," मी म्हणायची. "मुदतच नव्हती." आणि आलेल्यांना पाणी आणायला आत जायची.